अण्णाचा छापून आलेला पेपर

माझा थोरला भाऊ आळंदच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. आमच्या घरात कन्नड आणि मराठी दोन्ही चालतात, त्यामुळं तो आम्हा सगळ्यांचा अण्णा. आमचे वडील, अप्पा, यांचं माझ्या माहेरी बाजारात तुरीच्या अडतीचं दुकान होतं. पोरानं तुरीवरच डॉक्टरेट मिळवली याचं त्यांना भारी कौतुक.

अण्णाचा विषय तुरीचा मर रोग. आमच्याकडं ‘तूर उबळली’ म्हणतात. फुलावर आलेलं हिरवं झाड बघता बघता मान टाकतं. खोड चिरलं की आत काळपट रेघ दिसते. तुरीत ज्वारीच्या ओळी असल्या की झाडं कमी मरतात, हे सगळे शेतकरी सांगायचे. ते खरं आहे का आणि असलं तर का, हे अण्णाला शोधायचं होतं. त्यासाठी त्यानं माझ्या सासरी, चिंताकीला, आमच्या वावरातली एक पट्टी मागून घेतली. तिथं वर्षानुवर्षं तूरच पेरलेली, म्हणून मातीत रोग मुरलेला. दिवाळीच्या सुट्टीत सगळे घरी फराळ करायचे आणि अण्णा वावरात उकिडवा बसून खोडं चिरायचा. त्याच्या बोटांच्या पेरांना चिरा पडलेल्या असायच्या. मी तेल लावून द्यायचे.

सगळं लिहून झाल्यावर त्यानं तो शोधनिबंध, म्हणजे पेपर, एका नावाजलेल्या जर्नलकडं पाठवला. त्यांनी खूप महिने ठेवून घेतला आणि चुका दाखवून परत केला. तो खचला. इकडं प्रमोशनसाठी छापलेले पेपर लागायचे. तेवढ्यात त्याला परदेशातल्या एका जर्नलची ईमेल आली. ‘आदरणीय प्राध्यापक महोदय, आपल्या थोर संशोधनाची आम्ही वाट पाहत आहोत.’ असं त्याला आजवर कुणी लिहिलं नव्हतं. त्यानं पेपर पाठवला, त्यांनी मागितलेली फी भरली, आणि आठवडा व्हायच्या आत उत्तर आलं: दोन तज्ज्ञांनी तपासला, अत्युत्तम आहे, छापतोय.

पेढे घेऊन तो चिंताकीला आला. जर्नलनं पाठवलेलं सोनेरी काठाचं प्रमाणपत्र अप्पांनी फ्रेम करून दुकानात वजनकाट्याच्या वर लावलं. माल घेऊन आलेल्या प्रत्येकाला दाखवायचे. “माझ्या पोराचं नाव परदेशात छापून आलंय.”

पुढच्या उन्हाळ्यात मी दवाखान्याच्या कामासाठी कलबुर्गीला गेले होते. अण्णा सोबत होता. तिथं त्याच्या जुन्या मार्गदर्शक बाई राहतात, आता निवृत्त झालेल्या. तो आनंदानं त्यांना पेपर द्यायला गेला. बाईंनी चहा बाजूला ठेवला आणि आमच्यासमोरच वाचायला घेतला. एका तक्त्यापाशी त्या थांबल्या.

“अरे, इथं उलटं झालंय. नुसत्या तुरीत मर कमी आणि ज्वारीसोबत जास्त, असं छापलंय.”

अण्णानं कागद ओढून घेतला. रकान्यांची अदलाबदल झाली होती. त्याच्याच हातून टाइप करताना.

“तपासणाऱ्यांनी काय विचारलं तुला?”

“काही न्हाई, मॅडम. अत्युत्तम म्हणले.”

बाईंनी त्या जर्नलचा अख्खा अंक मोबाइलवर उघडला. त्यात दातांचे आजार होते, देवळांचं शिल्प होतं, सिमेंट होतं, आणि मधेच अण्णाची तूर. संपादक मंडळातल्या एका माणसाला त्या ओळखत होत्या. तो वारून बराच काळ झाला होता.

त्या हळू आवाजात म्हणाल्या, “बाळा, हे कुणी वाचलेलंच नाही.”

परतीच्या बसमध्ये अण्णा खिडकीकडं तोंड करून बसला होता. त्याचे खांदे हलत होते. पैशाचं वाईट वाटायलंय का, असं मी विचारलं. तो म्हणाला, “न्हाई गं. शिव्या देऊन का असंना, पयल्या जर्नलवाल्यांनी वाचलं तरी होतं.”

त्यानं चूक दुरुस्त करा म्हणून लिहिलं, उत्तर आलं नाही. पेपर मागं घेतो म्हटल्यावर मात्र लगेच आलं: त्याचीही फी भरा. बाईंच्या सल्ल्यानं त्यानं एका चांगल्या जर्नलला सगळी हकीकत खरीखरी कळवली. तिथल्या संपादकांनी सभ्यपणे लिहिलं की एकदा छापलेलं आम्हाला घेता येत नाही, नवीन प्रयोग झाला तर जरूर पाठवा.

मग अण्णानं प्राचार्यांना सांगितलं, माझ्या प्रमोशनच्या फायलीतनं हा पेपर काढा. स्टाफरूममधल्या बाकीच्यांचेही पेपर त्याच जर्नलात होते. “तुला एकट्यालाच लई इमान हाय का? आमचं कामून उकरायलास?” असं एकानं तोंडावर विचारलं. रोज ज्याच्याबरोबर डबा खायचा, तो दुसऱ्या टेबलावर जाऊन बसायला लागला.

अप्पांना सांगायचं राहिलं होतं. मी माहेरी असताना एका सकाळी दुकानात त्यानं सांगितलं. अप्पा गल्ल्यावर बसून ऐकत होते.

“म्हंजे खोटं हाय का हे?”

“काम खरं हाय, अप्पा. छापणारे खोटे हायत.”

“मंग काम खरं हाय म्हणून कोण म्हणलं?”

अण्णा काट्यावरच्या फ्रेमकडं वळला. मग म्हणाला, “कुणी न्हाई.”

अप्पा उठले, स्टुलावर चढले आणि फ्रेम स्वतः उतरवली. लोक विचारायला लागले तसे म्हणाले, भिंतीला रंग द्यायचाय. आणि पोराला कुणी काही बोलू नये म्हणून त्यांनी खरोखरच रंगारी बोलावून सगळं दुकान रंगवून घेतलं. अण्णाला ते एका शब्दानंही बोलले नाहीत. पण ‘माझा डॉक्टर’ म्हणायचे, तेही थांबलं. पुढच्या थंडीत ते गेले.

नव्या प्रयोगासाठी अण्णा परत चिंताकीला आला. पण आमच्या त्या पट्टीत बोअरच्या पाण्यावर ऊस उभा होता. आमचे हे म्हणाले, “अण्णा, ऊस मोडतो, तुम्ही पेरा.” अण्णानं नाही म्हटलं. उसाच्या पाण्याखाली रोग मुरलेली ती माती आता राहिलेली नव्हती. त्यानं आळंदजवळ कुणाचं तरी मर लागणारं रान घेतलं. पहिल्याच साली अतिवृष्टीत तूर पाण्याखाली गेली. दुसऱ्या साली उगवली. तो अजून मोजतोय.

कॉलेजात नवीन येणाऱ्यांना तो एवढंच सांगतो: पाठवायच्या आधी संपादक कोण ते बघा, आणखी काय काय छापतात ते बघा, आणि फार लवकर कौतुक आलं तर आधी मला दाखवा. काही जण दाखवतात. काही जण त्याला वेडा म्हणतात.

मागच्या सुट्टीत मी त्याला म्हटलं, “अण्णा, मला इंग्रजी कळत न्हाई. तुझा तो पेपर मला आपल्या भाषेत सांग की.”

तो चपापला. मग ओसरीवर बसून सांगायला लागला. मातीतली बुरशी मुळातून कशी शिरते, झाडाचं पाणी कसं तुटतं, ज्वारीची मुळं मधे आली की काय होतं. मी विचारत गेले, तो सांगत गेला. ज्वारीच्या मुळांपाशी त्याचा आवाज अडखळला.

“काय झालं?” मी विचारलं.

“अप्पांला असं बसून सांगितलं असतं,” तो म्हणाला, “तर काम खरं हाय ते कळलं असतं त्यांला.” आणि उठून बाहेर गेला.