दोन डाव्या बाह्या

दुकानात तिला सगळे मास्तर म्हणत. कापड कापतो तो मास्तर, मग ती बाई का असेना. वडिलांची मोठी कात्री तिच्याकडे आली होती. धाकट्या भावाकडे शिलाईची मशिनं आली आणि गिऱ्हाइकांशी बोलणं आलं. वाटणी झकास होती. कात्री बोलत नाही आणि भाऊ गप्प बसत नाही.

वडिलांचा एक नियमही वारशात आला होता. टेबलावर चढवलेलं कापड कापून झाल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. ती तो पाळायची. पाठ मोडली तरी पाळायची. बरं वाटलं त्या दिवशी तर चार दिवसांचं काम उरकून टाकायची आणि मग पुढचे चार दिवस चादरीखालून आढ्याकडे बघत पडायची.

कुठे दुखतं असं विचारलं की ती बुचकळ्यात पडे. कुठे दुखत नाही हे सांगणं सोपं होतं. गळ्यातली मोजपट्टीसुद्धा जड वाटायची. झोपून उठलं तरी झोप झाली नाही असं वाटायचं. शिवाय बोलता बोलता शब्द हरवायचे. एकदा तिला कात्री हवी होती, पण नावच आठवेना. "अरे, ते दे ना... ते चावणारं."

"कुत्रं पाळलंय का आपण?" भाऊ म्हणाला.

तपासण्या झाल्या. रक्त, हाडं, सांधे, सगळं व्यवस्थित निघालं. भावाने कागद उलटसुलट पाहिले. "ताई, तुझे रिपोर्ट वर्गात पहिले आलेत. तू एकटीच नापास."

यावर ती हसली. घरी जाऊन मात्र नवऱ्याला म्हणाली, "त्याला वाटतं, मी ढोंग करते."

"त्याला वाटतं तर वाटू दे. तुला वाटत नाही ना?" नवरा म्हणाला. सगळे कागद ठणठणीत म्हणत असले की कधीकधी आपलाच आपल्यावरचा विश्वास उडतो.

अशात तो चौकडीचा कोट आला. गिऱ्हाईक बासरी वाजवणारं होतं, उंच आणि हडकुळं. चौकड्या जुळवायच्या असल्या की कापड एकेरी पसरावं लागतं. एक बाही कापून झाली की कागदी नमुना पालथा करायचा आणि दुसरी कापायची. शिकाऊ माणूसही हे झोपेत करतो. मास्तर जागी होती, पण डोक्यात कापूस भरल्यासारखं झालं होतं. शिवायला घेताना भावाने दोन्ही बाह्या समोर धरल्या. दोन्ही डाव्या.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने मोठी कात्री उचलली आणि आपल्या मशिनमागच्या खिळ्याला अडकवली.

"हा माणूस बासरी वाजवतो गं ताई. त्याला एक तरी उजवा हात लागेल. तू आता गल्ल्यावर बस."

"मी गल्ल्यावर? गिऱ्हाइकं पळतील."

"मग एक कर. तेच कापड पुन्हा मागवतो. हा कोट नीट उतरला तर कात्री तुझी. नाहीतर माझी."

त्याच आठवड्यात नवऱ्याने तिला एका नव्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी कागद बाजूला ठेवून आधी सगळं ऐकून घेतलं आणि मग आजाराचं नाव सांगितलं: फायब्रोमायल्जिया. नवऱ्याने ते दोनदा म्हणून पाहिलं. "नाव घेईपर्यंतच माणूस दमतो," तो म्हणाला.

"दुखणं खरं आहे," बाई म्हणाल्या. "आतमध्ये काही मोडलेलं नाही. मेंदू आणि नसा साध्या स्पर्शाचाही गाजावाजा करतात."

मास्तरने विचार केला. "आमच्याकडे एक विजेचं मशिन आहे. पॅडलला नुसता पाय लागला तरी सुसाट पळतं. सुई शाबूत, पट्टा शाबूत. पॅडलच तेवढं हळवं."

"अगदी तसंच. गोळीने थोडं कमी होईल, सगळं जाणार नाही. रोज थोडं चाला, झोपायची वेळ पाळा. आणि बरं वाटेल त्या दिवशी जास्त काम करू नका."

"बरं वाटेल त्याच दिवशी?"

"त्याच दिवशी. दमल्यावर थांबणं कुणालाही जमतं."

बाहेर आल्यावर ती जिन्यातच बसली आणि थोडी रडली. दुखण्याला नाव मिळालं म्हणून कुणी रडतं का, असं नवऱ्याने विचारलं नाही. शहाणा माणूस.

कापड आलं त्या दिवशी तिला छान वाटत होतं. हात पूर्वीसारखे चालत होते. दुपार उतरेपर्यंत तिने पाठ, पुढचे भाग, बाह्या सगळं खडूने आखून काढलं. भावाने खिळ्यावरची कात्री काढून टेबलावर ठेवली. तिने खडू खाली ठेवला, कापडावर चादर पसरली आणि चपला घातल्या.

"कुठे निघालीस?"

"फिरायला. मग घरी."

"कापड टेबलावर आहे! बाबा असते तर—"

"बाबांचं अंग दुखत नव्हतं."

"पण आज तर तू ठणठणीत आहेस!"

"म्हणूनच."

चालताना सारखं मागे वळावंसं वाटत होतं. इतकी वर्षं ती दुखण्यामुळे थांबली होती. स्वतःच्या मनाने थांबणं हे वेगळंच काम होतं, आणि त्याचा हात अजून बसायचा होता.

सकाळी भाऊ नेहमीपेक्षा लवकर आला, तर मास्तर आधीच टेबलाशी. चादर काढलेली होती आणि ती ब्रशने एका बाहीवरचा खडू झाडत होती.

"पुन्हा दोन्ही डाव्या आखल्या होत्या," ती न वळता म्हणाली.

"माहीत आहे. काल तू गेल्यावर चादर उचलून पाहिली."

ब्रश थांबला. "आणि गप्प बसलास? तू?"

"रात्रभर बायकोचं डोकं खाल्लं." तो जरा घुटमळला. "तुझ्याआधी येऊन पुसणार होतो. तुला कळलंही नसतं."

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग नमुना पालथा केला, चौकडीला चौकडी लावली आणि नवी रेघ मारली. कालच्या कालच कापलं असतं, तर चूक खडूसारखी झाडून टाकता आली नसती. भावालाही ते कळलं असावं. त्याने कात्री उचलली, पात्यांकडून धरली आणि मूठ तिच्यापुढे केली.

उजवी बाही सुटी झाली. तिने बोटं उघडली-मिटली आणि कात्री ठेवली.

"आणि डावी?" भावाने विचारलं.

"जेवल्यावर."

"एका बाहीने काय होतंय गं?"

"माझ्या खांद्याला विचार," मास्तर म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.