शिलाईची जागा

माझी पत्नी वारली, त्या दिवशी सोमवार होता. तिच्या पाककृतींच्या वहीची वेबसाइट करावी म्हणून दोन महिन्यांनी मी पुसदला फोटो एडिटिंगच्या क्लासला जाऊ लागलो. पहिल्या पानावर तिचा हसरा फोटो हवा होता. तसा एकच होता, लग्नाच्या गर्दीतला. त्यातून तिला कापून काढायचं होतं.

शेजारच्या कॉम्प्युटरवर ब्लाउज शिवणाऱ्या एक बाई बसत. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. ब्लाउजांचे फोटो त्यांना वेबसाइटवर टाकायचे होते. माउस धरण्याआधी त्या बोट जिभेला लावत आणि प्रत्येक चित्र कडेने बोटभर जागा सोडून कापत. ब्लाउजाभोवती मागच्या भिंतीची झालर राही. सर चिडत.

"शिलाईले जागा नको का, सर? उद्या फोटो जाडा झाला तं?"

एकदा त्या माझ्या पडद्याकडे वाकल्या. "भाऊ, बाईचा कानच कापला न जी तुमी! आता तुमचं ऐकन कशी?"

"आधी तरी कुठं ऐकत होती?" मी म्हणालो, आणि हसलो.

मग त्यांनीच फोटो कापला, बोटभर जागा सोडून. त्या जागेत पत्नीच्या खांद्यावरची माझी चार बोटंही आली.

"ती बोटं खोडा," सर म्हणाले.

बाईंनी माउस पदराखाली लपवला. "राहू द्या न. उसवलं तं धराले कामी येतीन."

क्लास संपला. वेबसाइट सुरू आहे. पहिल्या पानावर ती हसते आहे आणि तिच्या खांद्यावर माझी चार बोटं आहेत.