टाक्याचा निळा ठिपका

पासली गावाच्या पुढे रस्ता संपतो आणि आमचं मोजणीचं काम सुरू होतं. तिथे वस्ती नाही, पीक नाही, रेंज नाही. नकाशा मात्र लागतो. पावसाळा सरताना मी डोंगरसोंडेवरचं कातळातलं टाकं मोजलं. काठोकाठ भरलं होतं. नकाशात बारमाही पाणी निळं दाखवतात, आटणारं काळं. ठरवण्याआधी उन्हाळ्यात येऊन बघायचं असतं. मी बघितलं नाही. निळा ठिपका दिला. आमच्या कचेरीतल्या साहेबांनाही निळा रंग आवडायचा.

मे महिन्यात उरलेल्या उंच्या मोजायला गेलो. वाट दाखवायला पासलीचे एक म्हातारे शेतकरी होते. मी त्यांना बाबा म्हणायचो.

"पानी जास्त घ्या."

मी नकाशा दाखवला.

"उन्हाळ्यात तिकडं कोन जातंय? पर सरकारी कागदावर हाय म्हंजी आसंल," म्हणत त्यांनी स्वतःचा कॅन घरीच ठेवला.

टाक्यात पालापाचोळा होता आणि तडकलेला चिखल. बाटल्या केव्हाच संपल्या होत्या. बाबांच्या पायात गोळे आले, जीभ जड झाली.

"नकाशा उलटा तर धरला न्हाई ना, सायेब?"

मग त्यांनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "उकरा." मी हातोडीने, मग नखांनी उकरत राहिलो. तासाभराने ओल आली, मग झिरा. बाबांनी ते गढूळ पाणी उपरण्यातून गाळलं. त्या ओंजळीवर आम्ही खाली उतरलो.

ठिपका काळा करा, असं मी लेखी दिलं. पण नकाशाचं अनावरण झालं होतं. शाल, श्रीफळ, काचेची चौकट. "पुढच्या आवृत्तीत बघू," साहेब म्हणाले. तोवर त्या नकाशाचे फोटो मोबाईलमध्ये घेऊन शनिवार-रविवारी पोरं डोंगरात येऊ लागली.

मी शरमेने बाबांना सांगितलं. "पुसत न्हाईत तर आपन टाकं उकरू," ते म्हणाले. तेव्हापासून उन्हाळ्यात दर शुक्रवारी ते एकटेच कुदळ घेऊन वर जातात. मी परोपरीने नको म्हटलं. "लोकं तुमच्या कागदावं येत्यात. तहानंनं मरू द्यू व्हय?"

आज शनिवार. सकाळी भोरला घरी असताना त्यांच्या सुनेचा फोन आला. "मामंजी कालपासनं उतरलं न्हाईत. मानसं वर गेल्यात."

कापूरहोळच्या ढाब्यावर मी पाण्याचे दोन कॅन भरले आणि वेल्ह्याकडे निघालेला टेम्पो थांबवला. पासलीच्या वरच्या डोंगरसोंडेवर जायचंय, असं सांगितलं.

"मग येवढं पानी कशाला?" ड्रायव्हर म्हणाला. "वर टाकं हाय की. नकाशात दावलंय."