मंगलबाईंच्या खणातला गूळ

बीडजवळच्या एका शाळेच्या ऑफिसात मंगल नऊ वर्षं दाखले लिहीत होती. कॉम्प्युटर आला, तरी पोरांचे आईबाप तिच्याच हातचा दाखला मागायचे, इतकं तिचं अक्षर देखणं. आईवडील जन्मभर ऊस तोडून थकले. घराण्यात खुर्चीवर बसून काम करणारी ही पहिलीच. रोज पाली गावाहून एसटीनं यायची, पण नऊ वर्षांत एकदाही उशीर केला नाही.

बाराव्या वर्षापासून तिला साखरेचा आजार. पोटात इन्सुलिनची सुई टोचायची आणि लगेच जेवायचं, एवढं तिचं पथ्य. हे ऑफिसात कळलं आणि हेडक्लार्क सुंदररावांच्या जिभेला खाज सुटली.

"काय मंगलबाई, साखर कारखान्याचा बॉयलर पेटला का? गाळप किती झालं?"

जिथली गावंच्या गावं उसाच्या फडावर जातात, तिथं हा विनोद न चालला तरच नवल. सगळे हसायचे. मंगलही हसायची, आणि तिथंच तिचं चुकलं असं मला वाटतं. सुई टोचायला ती कपाटामागं गेली की धाकटा क्लार्क अभिमन्यू ओरडायचा, "ताईची नशापाणी चालू झाली बे!" ह्याच अभिमन्यूला ती दरसाल राखी बांधायची.

जूनमधल्या एका सोमवारी दाखल्यांसाठी दारापर्यंत रांग लागली होती. सुई टोचून मंगल माठाजवळ ठेवलेला डबा आणायला उठली, तोच सुंदररावांनी अडवलं.

"आधी हे दहा दाखले उरका. एक दिवस उशिरा जेवलं म्हणून कारखाना बंद पडतो का?"

सातव्या दाखल्यावर तिचं अक्षर हललं. हातापायांना घाम सुटला. साखर उतरली, हे तिला कळलं. अशा वेळेसाठी ती खणात स्टीलच्या डबीत गुळाचा खडा ठेवायची. तिनं डबी उघडली. डबी रिकामी होती.

"माझा गूळ कुठंय?"

अभिमन्यू खुदकन हसला. "शुगरवाल्याला गूळ कशाला? मीच खाल्ला, ताई. तुमच्याच भल्यासाठी की!"

"साखर द्या कुणीतरी. मरीन मी."

"घ्या!" सुंदरराव म्हणाले. "आता कारखानाच साखर मागायला लागला!"

आणि खरंच कुणी उठलं नाही. मंगलला वाटलं, आपलं बोलणं यांना ऐकूच जात नसेल. उठायला गेली ती कोसळलीच.

मग कुठं हसणं थांबलं. फीट आली असं समजून त्या शिकल्यासवरल्या माणसांनी तिच्या नाकाला चप्पल लावली! रांगेतले आईबाप बघत राहिले. शाळा झाडणारी चतुराबाई तेवढी धावत आली. तिनं चहाच्या डब्यातली साखर घेतली आणि मंगलच्या हिरड्यांना चोळत बसली.

शुद्ध आली तेव्हा मंगलला आधी चप्पल दिसली. मग सुंदररावांचा आवाज आला.

"हिला ठेवणं धोक्याचं हाय. उद्या हितं मेली, तर बालंट आपल्यावर."

मेली तर. नऊ वर्षं ज्यांच्यासोबत चहा घेतला, त्यांच्या तोंडी हे! मंगल खुर्चीच्या आधारानं उठून आपल्या टेबलाशी बसली. रडूसुद्धा येईना. काही वेळानं सुंदररावांनी तिच्यापुढं कोरा कागद सरकवला.

"राजीनामा लिहा. तब्येतीमुळं जमत न्हाई, एवढंच लिहा."

मंगलनं पेन उचललं आणि लिहायला घेतलं. पण कागदाच्या माथ्यावर शिक्षणाधिकाऱ्यांचं नाव आलं. खाली डबा कुणी अडवला, गूळ कुणी खाल्ला, मागूनही साखर कुणी दिली नाही, नाकाला काय लावलं, सगळं आलं. पोट ह्या नोकरीवर होतं, तरी तिनं खाली सही केली. लिहून झाल्यावर तिनं कागद अभिमन्यूपुढं धरला.

"ह्यात खोटं काय हाय ते सांग. न्हाईतर साक्षीदार म्हणून सही कर."

त्यानं वाचलं, सुंदररावांकडं पाहिलं आणि मान खाली घातली. "मजाक होती ओ, ताई. माझी नोकरी जाईल."

बाकीच्या टेबलांवर एकाएकी लई काम निघालं. सुंदरराव तर पाणी प्यायला म्हणून बाहेरच गेले.

चतुराबाईनं पदराला हात पुसले. "मला लिव्हता येत न्हाई, माय. पण म्या बघितलंय. अंगठा कुठं उठवू?"

मंगलनं शाईचं पॅड पुढं केलं, आणि तिला रडू फुटलं.