मिसकॉल मावशी आणि फुलचंदाचा डोंगा

आमची मिसकॉल मावशी कुणाचाही फोन उचलत नसे. भंडाऱ्याच्या ज्या दवाखान्यात आम्हा एचआयव्हीवाल्या पोरापोरींना औषधं मिळत, तिथं ती समुपदेशक होती, म्हणजे तिचं कामच बोलण्याचं. पण सकाळी फोन वाजला की ती त्याच्याकडे नुसती बघायची, गालात हसायची आणि वाजायचा थांबला की समाधानानं म्हणायची, "घेतली बाई हिनं." एक रिंग देऊन कापलेला फोन म्हणजे पोटात गेलेली गोळी, असा तिचा हिशोब होता.

मला हा आजार जन्मापासूनचा. आईबाबा लवकर गेले आणि मागे एवढीच इस्टेट ठेवून गेले. मी तुमसरला मामाकडे वाढले. मामा राईस मिलमध्ये पोती वाहायचा. अकरावीत गेले आणि गोळ्यांचा मला असा काही वीट आला की त्या चुकायला लागल्या. चुकायला लागल्या म्हणजे मीच चुकवायला लागले. रक्ताचा रिपोर्ट घसरला. असंच चाललं तर हे औषध लागू पडायचं थांबेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. मामी दवाखान्याच्या बाकावरच रडायला लागली.

मावशी मात्र रागावली नाही. तिनं मला आत बोलावून विचारलं, "नाटकं पाहतं का वं?"

आमच्या झाडीपट्टीत हे विचारायची गोष्ट आहे का! दिवाळी झाली की गावोगाव मंडप पडतात ते होळीपर्यंत. मी म्हटलं, "पाहते ना."

"अर्ध्यात उठून आली का कधी?"

"नाही."

"काहून?"

"पुढं काय होते ते पाहाचं राहते ना."

"बस," मावशी म्हणाली. "मंग तुले काही होत नाही. उद्यापासून गोळी घेतली का मले एक रिंग दे न काप."

दुसऱ्या सकाळी मामाच्या फोनवर मेसेज आला. अक्षरं इंग्रजी, भाषा आमची: "चंदानं विहिरीत वाकून पायलं. आत पानी नव्हतं. आत बसला होता..." आणि संपला! मी तशीच उठले, गोळी गिळली, एक रिंग देऊन कापली. लगेच उरलेला मेसेज आला: "...तिचाच नवरा फुलचंद. आरामात भात खाऊन राहिला होता."

मी एवढी हसले की गोळी वर येते की काय असं वाटलं.

तेव्हापासून रोज हेच. अर्धी गोष्ट, गोळी, मिसकॉल, उरलेली गोष्ट. त्यात औषधाचा शब्द चुकूनही नसायचा. "फोन घराचा राहते, बिमारी तुई राहते," असं ती म्हणायची. कुणी मेसेज वाचला तरी त्याला कळायचं ते एवढंच, की फुलचंद नावाच्या येड्याच्या मागे भैरू दरोडेखोर लागला आहे.

आणि वाचणारे वाढतच गेले. मामाला इंग्रजी अक्षरं येत नसत, म्हणून मी मोठ्यानं वाचायची. मग मामा मिलमध्ये जाऊन तेच पदरचा मीठमसाला घालून सांगायचा. मेसेजमध्ये एक दरोडेखोर असला तर मिलमध्ये सात व्हायचे. एवढ्या सकाळी मेसेज कशाला येतो, असं हमालांनी विचारलं तेव्हा मामानं ठोकून दिलं, "पोरीले ताकतीची गोळी हाय, तिची आठवन देते डॉक्टरीनबाई." तिला एका झटक्यात डॉक्टर करून टाकलं त्यानं.

एकदा मी केस धूत होते. मेसेज आला तो भलत्याच ठिकाणी तुटलेला. मामाला दम धरवेना. त्यानं स्वतःच मिसकॉल दिला. उरलेली गोष्ट आली आणि मामा न्हाणीच्या दाराशी नाचायला लागला, "आली वं, आली! लवकर निघ!"

तेवढ्यात फोन वाजला. कधी कुणाशी फोनवर न बोलणारी मावशी!

"मिसकॉल कोनं देल्ला?"

मामा शाळेतल्या पोरासारखा ताठ उभा राहिला. "मी... मीच जी."

"मालूम झालं मले. पोरीची रिंग मच्छर चावल्यासारखी राहते. तुमची तर बैलगाडीसारखी चालूनच राहिली. तिनं गोळी घेतली का?"

मामानं न्हाणीचं दार बडवलं. केसांचं पाणी गाळत मी धावले आणि गोळी घेतली, पण शिक्षा टळली नाही. दुसऱ्या दिवशी मेसेज आला: "फुलचंद डोंगा घेऊन वैनगंगेत निंगाला. मधातच डोंगा फुटला." गोळी घेतली, मिसकॉल दिला, तरी पुढे काही नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मिलमध्ये सुतक पडलं. "तुयामुळं बुडाला फुलचंद," असं म्हणून हमालांनी मामाला चहाला घेणं बंद केलं.

मग कॉलेजला जाताना मिलच्या फाटकापाशी मला ओरडून विचारणं सुरू झालं, "पोरी, गोळी घेतली का वं?" आठवडाभरानं फुलचंद मासोळीचं शेपूट धरून काठाला लागला, तरी ते विचारणं थांबलं नाही. गोळी कशाची हे त्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. अख्खी मिल पाठीशी लागल्यावर चुकवणार कशी! रिपोर्ट हळूहळू वर आला. मामीनं मिलमध्ये पेढे वाटायला दिले. कशाचे म्हणून विचारलं तेव्हा मामा म्हणाला, "फुलचंद वाचला त्याचे."

मावशी नोकरीतून निवृत्त होऊन गावी निघाली. तिचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलेलं, आता पुनर्वसनातल्या नव्या घरी. मी विचारलं, "शेवट तरी सांगून जा ना!"

"शेवटच नाही वं. शेवट ठेवला असता तर तुमी तिथपर्यंतच गोळ्या घेतल्या असत्या."

मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून खूप रडले. दुसऱ्या सकाळी फोन गप्प होता. मी हातात गोळी घेऊन बसले होते. समोर मामा बसला होता, त्याचाही चेहरा पडलेला. शेवटी तोच म्हणाला, "आता तूच सांग बापा, पुढं काय झालं?" मी सुचेल ते अर्धं सांगितलं, गोळी घेतली, मग उरलेलं सांगितलं.

त्याला बरीच वर्षं झाली. माझं लग्न झालं, नवऱ्याला सगळं सांगूनच. लेक निगेटिव्ह आहे आणि फुलचंदावर तिचा फार जीव आहे. मागच्या उन्हाळ्यात तिला घेऊन मावशीकडे गेले. तांदळाच्या डब्यामागे मला बीपीच्या गोळ्यांची पाकिटं सापडली, एकही न फोडलेली. विचारलं तर लाजून म्हणते, "रोज रोज कोन घेते वं!" हसून हसून मी खालीच बसले.

आता रोज सकाळी मी तिला अर्धी गोष्ट पाठवते. तिचा मिसकॉल मामाच्यासारखा लांबलचक असतो, गेला की नाही याची तिला खात्रीच नसते. काल तो आलाच नाही. म्हणून आज सकाळी मी फुलचंदाचा डोंगा पुन्हा वैनगंगेत फोडला. मघाशी तिचा मेसेज आला, "त्याले काढ ना वं बाहेर." मी कळवलं, "आधी गोळी."

हे लिहितेय आणि फोन वाजतोय. बराच वेळ वाजतोय. मी उचलत नाही. गालात हसत नुसती बघत बसलेय.

थांबला. घेतली बाई हिनं.