नियमाप्रमाणे सहा विद्यार्थी

आमच्या ऑनर्सच्या वर्गातली माणसं आता चार गावांना पांगली आहेत. तरी कुणाच्या घरच्या लग्नात दोघं भेटली, की पंगत उठेपर्यंत कॉलेजच निघतं. घरच्यांना ते सगळं पाठ झालंय. माझी सून तर सांगणाऱ्याच्या आधीच हसते. आम्ही काही हे किस्से मुद्दाम जमवायला गेलो नव्हतो. विद्यापीठाने बी.ए. ऑनर्ससाठी नियमांचं एक पत्रक काढलं होतं. इंग्रजीत, बारीक टाइपात, साडेतीन पानांचं. आम्ही फक्त ते पाळायचा प्रयत्न केला. बाकीचं आपोआप साचत गेलं.

*

सन अठ्ठावन्न. यवतमाळच्या आमच्या कॉलेजात मराठीचा ऑनर्स वर्ग पहिल्यांदाच निघणार होता. बेहेरे सर मराठी विभागाचे प्रमुख होते. विभागात दुसरं कुणी नव्हतं.

नियम असा, की किमान सहा विद्यार्थी हवेत. पाच असतील तर वर्ग नाही. शेवटच्या दिवसापर्यंत नावं आली पाच. त्यातली एक मी, कुमुद मुळे, कलेक्टर कचेरीतल्या मुळ्यांची मुलगी. वर्ग निघाला नसता तर माझं शिक्षण इंटरवरच थांबलं असतं, कारण वडील मला नागपूरला पाठवणार नव्हते.

त्या दिवशी मनोहर वानखडे कॉलेज सोडल्याचा दाखला घ्यायला ऑफिसात आला. इंटर सेकंड क्लास. झरीकडे जंगलखात्यात कारकुनाची जागा मिळाली होती, ती धरायची होती. हेडक्लार्क पाठकबाबूंनी त्याच्यापुढे दोन कागद ठेवले. शेजारी बेहेरे सर खिडकीबाहेर बघत उभे होते.

"इथं सही कर, अन् इथं एक," पाठकबाबू म्हणाले.

त्याने केल्या आणि केळापूरजवळच्या आपल्या गावी निघून गेला. दाखला पोस्टाने यायचा होता. आलं ते बेहेरे सरांचं कार्ड. 'आपला वर्ग सोमवारी सकाळी आठ वाजता सुरू होतो. भाषाशास्त्राची वही वेगळी आणावी.'

कार्ड आधी वडिलांच्या हातात पडलं. मुलगा ऑनर्सला गेला हे त्यांनी संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला सांगितलं. पारावर पेढे वाटले. आता नाही म्हणायची सोय राहिली नाही.

सोमवारी वानखडे तावातावाने आला तो भांडायलाच. दारात उभा राहून त्याने आम्हाला मोजलं. पाचजण त्याच्याकडे बघत होतो. मग आत येऊन बसला.

पुढे दिवाळीच्या सुमाराला विद्यापीठाचा फॉर्म आला. त्यात 'हा विषय निवडण्याचे कारण' असा रकाना होता. आम्ही पाचांनी वाङ्मयाची ओढ वगैरे लिहिलं. वानखडेने लिहिलं, 'दाखला घ्यायला आलो होतो.'

*

बेहेरे सर पुण्याचे. पहिल्याच तासाला त्यांनी वानखडेला विचारलं, "काय चाललंय?"

"वाचून राह्यलो सर."

"वाचून झाल्यावर कुठे राहणार?"

वानखडेला प्रश्नच कळला नाही. "हॉस्टेलात," तो म्हणाला.

मग सरांनी फळ्यावर 'वाचत आहे' असं लिहिलं आणि आमच्याकडून दहा वेळा म्हणवून घेतलं. 'गेलतो' म्हटलं की थांबवायचे. 'मले' म्हटलं की डोळे मिटून घ्यायचे. परीक्षेत असं लिहिलंत तर ऑनर्स विसरा, अशी तंबी रोजची.

दुसऱ्या वर्षी सहामाहीच्या निकालाला उशीर झाला. प्रिन्सिपॉलसाहेब वर्गापर्यंत आले आणि आमच्यादेखत त्यांनी विचारलं, "बेहेरे, पेपर झाले का?"

सर चष्मा पुसत म्हणाले, "तपासून राह्यलो ना साहेब."

वानखडे उठला, फळ्यापाशी गेला आणि खडू सरांच्या हातात दिला.

*

हजेरी शेकडा पंचाहत्तर हवी, हा नियम सगळ्यांनाच होता. पण सहाजणांच्या वर्गात दुसऱ्याची हजेरी लावणं फार अवघड. ते धाडस वानखडेने धनसिंग राठोडसाठी केलं.

धनसिंग आर्णीकडच्या एका तांड्यावरचा. त्याच्या आजोबांपर्यंतची माणसं बैलांच्या पाठीवर माल लादून मुलुखभर फिरलेली. आता तांड्याला शेती होती. घरी बंजाऱ्यांची गोरबोली, बाजारात वऱ्हाडी आणि वर्गात पुस्तकी मराठी असं त्याचं तीन भाषांत चालायचं. आमच्यात सगळ्यात हुशार तोच. पण दर शनिवारी तो घरी जायचा आणि परत पायी, बैलगाडीने, मग एस.टी.ने यायचं, त्यामुळे सोमवार हमखास बुडायचा.

अशा एका सोमवारी वर्गात आम्ही तिघंच होतो. सरांनी राठोडचा नंबर पुकारला. वानखडे मान खाली घालून जाड आवाजात "येस सर" म्हणाला. सरांनी शांतपणे हजेरी मांडली. मग म्हणाले, "राठोड, उभे राहा. अल्पप्राण आणि महाप्राण यांतला फरक सांगा."

वानखडे उभा राहिला. जमेल तसं सांगितलं.

"बसा. वानखडे, राठोड म्हणतात ते तुम्हाला पटतं का?"

वानखडे परत उठला. "पटतं सर."

"मला नाही पटत. राठोड, वानखडेंना नीट समजावून सांगा."

पाऊण तास हे चाललं. वानखडे उठत होता, बसत होता, स्वतःला प्रश्न विचारत होता, स्वतःचं खोडत होता. मी आणि तिसरा मुलगा वहीत तोंड खुपसून बसलो होतो. घंटा झाली तेव्हा त्याचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता.

सर पुस्तक मिटत म्हणाले, "दोघांचीही तयारी बरी आहे. राठोड जरा उजवे."

*

मुली असतील तर त्यांना बसायला स्वतंत्र खोली हवी, हेही पत्रकात होतं. ऑनर्सला मी एकटीच मुलगी. कॉलेजात रिकामी खोली एकच, जीवशास्त्राच्या सामानाची. तिच्या दारावर पाठकबाबूंनी 'लेडीज रूम' अशी पाटी लावली. आत एक बाक, दोन फाटके नकाशे आणि तारेला टांगलेला माणसाचा सांगाडा.

आठ दिवस मी त्याच्याकडे पाठ करून डबा खाल्ला. नवव्या दिवशी ऑफिसात जाऊन म्हटलं, "पाठकबाबू, तो सांगाडा तरी हलवा."

पाठकबाबूंनी रजिस्टर काढलं, बोट फिरवत एका ओळीवर आणलं आणि म्हणाले, "काहून हलवाचा? चौकशी केली म्या. बाईचाच हाये तो."

*

वर्गाला कायमची मान्यता द्यायची की नाही हे ठरवायला विद्यापीठाची कमिटी यायची होती. मान्यता नाकारली असती तर आमचं एक वर्ष पाण्यात. सगळी भीती लायब्ररीची होती. ऑनर्सच्या विषयांची दोन कपाटं भरून पुस्तकं दिसली पाहिजेत, आणि आमच्याकडे एकच कपाट भरेल इतकी होती.

मग आम्ही सहाजण गावात घरोघर फिरलो. वकिलांनी कायद्याची पुस्तकं दिली, डॉक्टरांनी दोन कादंबऱ्या दिल्या, माझ्या वडिलांनी जुनी पंचांगं दिली. वानखडेने सगळ्यांना खाकी कागदाची कव्हरं घातली आणि अक्षर चांगलं म्हणून मी त्यांच्यावर नंबर टाकले.

कमिटीत तिघं होते. दोघं चहाला बसले. तिसरे गृहस्थ उत्साही निघाले. सरळ भाषाशास्त्राच्या कपाटाशी गेले आणि मधलंच एक पुस्तक ओढलं. कव्हर उघडून वाचू लागले, वाचतच राहिले. ते माझ्या मावशीचं लोणच्यांचं पुस्तक होतं.

"प्रोफेसर, हे भाषाशास्त्र?"

बेहेरे सरांनी पुस्तक हातात घेतलं, दोन पानं उलटली. त्यांचा चेहरा इतका गंभीर मी कधी पाहिला नव्हता. म्हणाले, "चिरणे, खारवणे, मुरवणे, परतणे. साहेब, एका पानावर इतकी क्रियापदं मला दुसऱ्या कुठल्या ग्रंथात दाखवा."

मान्यता मिळाली. पुस्तक मात्र परत आलं नाही. ते गृहस्थ वाचायला घेऊन गेले होते.

*

त्याच वर्षी धनसिंगची हजेरी कमी भरली. सात दिवसांनी कमी. श्रावणात नदीला पूर आला आणि तांड्याकडचा रस्ता बंद झाला, म्हणून तो अकरा दिवस अडकला होता. पाठकबाबूंनी पत्रक वाचून सांगितलं, की गैरहजेरी माफ होते ती फक्त आजारपणाची. डॉक्टरचा दाखला आण.

"पण मी आजारी नव्हतो," धनसिंग म्हणाला.

"अरे, साधा ताप लिहून आन ना बाप्पा. कोन पाह्यते?"

"ताप नव्हता. पूर होता."

तो हलेना. वानखडेने समजावलं, मी समजावलं. परीक्षेला बसू देणार नाहीत म्हटल्यावर त्याचा आवाज खाली आला, पण खोटा दाखला आणायला तो तयार होईना. शेवटी पाठकबाबू चिडले. "मंग पुराचं सर्टिफिकेट आन."

पुढच्या मंगळवारी त्याने खरंच आणलं. तांड्याच्या नायकाने शाळामास्तरांकडून लिहवून घेऊन खाली अंगठा उठवला होता. 'धनसिंग यास काही झाले नव्हते. तो रोज काठावर येऊन उभा राहात होता. नदी बरी नव्हती. अकराव्या दिवशी बरी झाली, तेव्हा तो गेला. करिता दाखला दिला असे.'

पाठकबाबूंनी तो कागद दोनदा वाचला. मग उठून प्रिन्सिपॉलसाहेबांकडे नेला. साहेबांनीही वाचला आणि खाली लिहिलं, 'आजारपण मान्य.'

*

ऑनर्सला एका पेपरऐवजी प्रबंधिका लिहायची होती आणि तिच्यावर तोंडी परीक्षा. तिच्यात नापास झालं, तर बाकी सगळ्यात पहिला आला तरी साधी बी.ए. हातात. धनसिंगने आपल्या घरच्या बोलीवर लिहिलं. दोन वर्षं तो सुट्टीत आईच्या मागे वही घेऊन हिंडत होता. ती दळताना काय म्हणते, बैलाला काय म्हणते, भाकरीला बाटी कशी म्हणते, सगळं उतरवून घेत होता.

परीक्षक बाहेरगावचे मोठे विद्वान होते. धनसिंगनंतर माझा नंबर, म्हणून मी दाराशीच उभी होते. आत साहेबांनी प्रबंधिका टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "हे तुम्ही लिहिलंत यावर माझा विश्वास बसत नाही. इतके शब्द कुठून आणलेत?"

"याडीकडून, सर. म्हणजे आईकडून."

"याला पुरावा काय? शंका आली तर माहिती देणारी व्यक्ती परीक्षकासमोर उभी करावी, असा नियम आहे."

धनसिंगच्या कपाळावरची शीर मला दारातून दिसत होती. तो म्हणाला, "ती बाहेर बसली आहे, सर."

आई त्या दिवशी पहिल्यांदाच कॉलेजात आली होती. मुलगा दोन वर्षं कुठे जातो ते तिला पाहायचं होतं. व्हरांड्यात खांबाला टेकून ती बसली होती. आरशांचं भरतकाम केलेली ओढणी, कोपरापर्यंत पांढरे चुडे. बोलावल्यावर ती उठली आणि चुडे वाजवत सरळ आत गेली. साहेब नकळत उभेच राहिले. बेहेरे सरांनी खुर्ची दिली, ती खुर्चीत बसली.

साहेबांनी प्रबंधिका उघडून एक वाक्य वाचलं. "तुम्ही असं म्हणता का?"

"नाई," ती म्हणाली. "असं कोनीच म्हनत नाई."

साहेबांनी विजयाने बेहेरे सरांकडे पाहिलं.

"त्यानं बराबर लिवलं असन," ती पुढे म्हणाली. "तुमी चुकीचं वाचून राह्यले. शेवटाले जरासं वढाचं. तोडाचं नाई." आणि तिने म्हणून दाखवलं.

साहेबांनी परत वाचलं.

"नाई."

परत वाचलं. तिने मान हलवली. चौथ्यांदा ती म्हणाली, "आता जरासं बरं हाये." मग साहेबांनी दुसरं वाक्य काढलं, तिसरं काढलं. हा शब्द कशाला म्हणतात, तो कधी म्हणतात, बाईने म्हणायचा की पुरुषानेही. ती सांगत गेली. साहेबांनी खिशातून स्वतःची वही काढली आणि लिहू लागले. धनसिंगला कुणी काही विचारलंच नाही, तो भिंतीशी उभा. माझी वेळ होऊन गेली, तरी आतून हाक येईना. अर्ध्या तासाने साहेबांनी टोपण लावलं, प्रबंधिकेवर काहीतरी लिहिलं आणि दोन्ही हात जोडले.

आई बाहेर आली. मागोमाग बेहेरे सर आले आणि हळूच म्हणाले, "बाई, काळजी करू नका. मुलगा पास झाला."

"त्याची नाई काळजी," ती म्हणाली. तिने एकदा वळून दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ते आतले साहेब पास झाले का? त्यायले तं काईच येत नव्हतं."