क्रिसांताच्या दगडावरची डावी चप्पल

आमच्या किनाऱ्यावर सगळे सांगतात की दोन्या क्रिसांतानं, म्हणजे क्रिसांताबाईनं, नवऱ्याला समुद्रात ढकललं आणि त्याची एक चप्पल घरात खिळ्याला टांगून ठेवली. सुट्टीला आलेल्या लोकांना हे फार आवडतं. मीही कितीदा तरी रंगवून सांगितलंय, एक खांदा खाली सोडून, तिचा तो घोगरा, वाळू चावल्यासारखा आवाज काढून. लोक पोट धरून हसायचे.

खरं असं की तिचा नवरा निकानोर घरात मेला, दोरीच्या झोळीत, दोन वर्षं कंबरेखालचं काही हलत नसताना. आणि ती चप्पल त्याची नाहीच.

क्रिसांताचं काम लाटा मोजायचं. आमच्याकडे बुडी मारायला होडी लागत नाही. पाठीवर हवेची टाकी बांधायची आणि वाळूवरून चालत पाण्यात शिरायचं. मोठ्या लाटा टोळीनं येतात, पाच, कधी सात, मग जराशी उसंत. क्रिसांता कंबरभर पाण्यात समुद्राकडे पाठ करून उभी राहते, पाठीवर बसणारे तडाखे मोजते आणि ओरडते, "चल!" त्या एका शब्दावर माणसं आत जातात. तिला स्वतःला पोहता येत नाही. साठ वर्षांत कंबरेच्या वर पाणी तिनं येऊ दिलेलं नाही.

आत जाण्याआधी प्रत्येकानं डाव्या पायाची चप्पल तिच्या काळ्या दगडावर ठेवायची, बाहेर आला की उचलायची. एका चपलेनं कुणी घरी जात नाही, असा तिचा हिशेब. दगड रिकामा तर समुद्र रिकामा.

हा हिशेब एकदाच चुकला, माझ्या जन्माच्या वर्षी. ईस्टरच्या आठवड्यात आलेला एक माणूस कातळाला पाण्याखालून वळसा घालून पलीकडे प्लाया चिकाच्या किनाऱ्यावर निघाला. तिथे त्यानं नव्या चपला घेतल्या आणि माझ्या आत्याच्या टपरीत बसून तळलेला मासा खाल्ला. इकडे दगडावर त्याची डावी चप्पल तशीच. क्रिसांतानं निकानोरला आत पाठवलं. तो कॉम्प्रेसरच्या नळीवर श्वास घेत कालवं काढायचा. खोल घळीत चारदा उतरला आणि चारही वेळा घाईनं वर आला; खोलातून असं झटक्यात वर आलं की अंग लुळं पडतं. चौथ्यांदा वाळूवर आडवा झाला तेव्हा म्हणाला, "क्रिसा, माझे पाय कुठेत गं?"

खिळ्यावरची चप्पल त्या मासा खाणाऱ्याची. तो ती न्यायला कधी आला नाही.

यंदाच्या ईस्टरला पुएब्लाहून दातांचा एक डॉक्टर आला, फर्मीन अर्रिएता. बरोबर बायको ग्रासिएला आणि दोन मित्र. माणूस मोठा गमत्या. त्याचा नाकातला आवाज मी पाच मिनिटांत उचलला होता.

"बाई, वीस वर्षं मी लोकांच्या तोंडात हात घालतोय," तो क्रिसांताला म्हणाला. "समुद्राचं तोंड काय वेगळं असणार?"

"लोकांचं तोंड तुम्ही उघडं धरता, डॉक्टर. हे मनात येईल तेव्हा मिटतं. चप्पल ठेवा."

"एकच? जोडी ठेवली तर काही सवलत?"

"ठेव ना रे, सगळीकडे कसला वाद घालतोस!" ग्रासिएला म्हणाली. त्यानं डावी दगडावर ठेवली. उजवी तिनं आपल्या पिशवीत टाकली.

पन्नास मिनिटांनी दोघे मित्र बाहेर आले आणि आपापली चप्पल उचलली.

"फर्मीन होय? तो पुढे गेला," त्यातला एक म्हणाला. "पलीकडे निघतो आणि मस्त मासा हाणतो, असं सकाळपासून चाललं होतं त्याचं."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. क्रिसांताचा नाही.

"डावी इथे आहे. माणूस आत आहे. अबुंदिओ, टाकी बांध."

अबुंदिओ तिचा एकुलता एक मुलगा, बापासारखाच पाणबुड्या. त्यानं टाकी ओढली, एका पायात रबरी पंख चढवलासुद्धा. आणि मला राहवलं नाही. मी बाजूच्या दगडावर चढले, खांदा सोडला, वाळू चावली.

"डावी आहे! माणूस आत आहे! जा अबुंदिओ, तूही तुझे पाय ठेवून ये!"

आधी मित्र हसले. मग ग्रासिएला हसली. मग अबुंदिओही हसला, आणि त्यानं पायातला पंख काढला.

"आई, मोटरसायकलवर कुणाला तरी प्लाया चिकाला पाठवू," तो म्हणाला. "जायला वीस, यायला वीस मिनिटं. बाबांच्या वेळी कुणी आधी बघून आलं असतं ना, तर..."

मोटरसायकल गेली. क्रिसांता दगडाशेजारी बसली. दगडावर चप्पल असताना मी तिला पहिल्यांदाच बसलेलं पाहिलं.

"ए पोपट, इकडे ये," तिनं मला हाक मारली. "कुठाय म्हणतेस तो?"

"आत्याच्या टपरीत. दुसरा मासा मागवत असेल."

"पैज?"

"लावा की! तो तिथे असला तर खिळ्यावरची ती चप्पल समुद्रात फेकून द्यायची."

"फेकीन. आणि नसला तर ही तू द्यायचीस. तिच्या हातात." तिनं हनुवटीनं ग्रासिएलाकडे दाखवलं.

मी हसत हसत तिच्या तळव्यावर टाळी दिली.

मोटरसायकल परत आली, तिच्यावर एकटाच माणूस. चालवणाऱ्यानं लांबूनच मान हलवली. या वेळी अबुंदिओला कुणी सांगावं लागलं नाही. क्रिसांता कंबरभर पाण्यात जाऊन उभी राहिली.

"सावकाश वर ये," ती त्याला म्हणाली. "जिवंत असला तर त्याला वर सोड, तू मागून सावकाश ये. मेला असला तर त्याला काही घाई नाही. ऐकलंस?"

"ऐकलं, आई."

सात लाटा तिच्या पाठीवर आदळल्या. "चल!"

पंचवीस मिनिटं ती तशीच उभी होती. ओठ हलत होते, लाटा मोजणं थांबलं नव्हतं. अबुंदिओ आला तो सावकाश आणि आपल्या पायांवर, काखेत हात घालून डॉक्टरला ओढत. दहा मीटर खोल, कातळाच्या कपारीत, जुन्या जाळ्यात त्याचा पाय गुंतला होता. टाकी रिकामी होती. चाकू हातातच होता. जाळं अर्ध्याहून जास्त कापून झालं होतं.

तेवढ्या उथळ पाण्यात टाकी तासाच्या वर पंधरा-वीस मिनिटं पुरते. मी नक्कल केली तेव्हा तास भरायचा होता.

क्रिसांतानं दगडावरची चप्पल उचलली, घागऱ्याला पुसली आणि माझ्यापुढे धरली. ग्रासिएला वाळूत बसली होती. उजवी तिच्या पिशवीतून अर्धी बाहेर आलेली दिसत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि पैजेत ठरलं होतं तसा डावी धरलेला हात पुढे केला.